नकाराचे धैर्य आणि वही उघडण्याचे धैर्य

दलित कवितेविषयी बोलताना वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द आपण नेहमी वापरतो. ते वापरलेच पाहिजेत. पण कविता लिहून झाल्यानंतर आणि ती छापून येण्याआधी एक काळ असतो. त्या काळाविषयी आपली समीक्षा जवळजवळ गप्प आहे. वही पिशवीत असते. कोणाला तरी दाखवावी असे कवीला वाटते. कोणाला, हे ठरत नाही. ठरले तरी हात पुढे होत नाही. कितीतरी कविता याच काळात मरतात आणि त्यांची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात होत नाही, कारण त्या कोणी पाहिलेल्याच नसतात.

आपली कविता दुसऱ्या लिहिणाऱ्यासमोर ठेवण्याचे धैर्य कोठून येते आणि ते कोण हिरावून घेते, हा प्रश्न मला येथे मांडायचा आहे. हा स्वभावाचा, लाजाळूपणाचा प्रश्न आहे असे म्हणून तो बहुधा सोडून दिला जातो. माझ्या मते तो सामाजिक प्रश्न आहे, आणि आपल्या चळवळीच्या अंगणातला आहे.

सुरुवात मी माझ्या स्वतःच्या अपराधापासून करतो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. बाकीचे लोक जाईपर्यंत ती आत आली नाही. मग तिने पिशवीतून वही काढली आणि 'सर, सवड असंन तं पाहा' एवढेच म्हणाली. खेड्यातून एस. टी. ने येणारी मुलगी. आईवडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. वहीत अठरावीस कविता होत्या. त्या मी रात्री वाचल्या, आणि सवयीने हातात लाल पेन घेऊन वाचल्या. तिने 'येचून रायली' असे लिहिले होते, तेथे मी 'वेचून राहिली' असे केले. तिने 'डोया' लिहिले होते, मी 'डोळा' केला. शेवटच्या पानावर शेरा लिहिला : 'अनुभव प्रभावी. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' दुसऱ्या दिवशी वही परत दिली. ती 'हो सर' म्हणाली. त्यानंतर तिने मला वही दाखवली नाही. वर्षभराने मी विचारले तेव्हा म्हणाली, 'आता नाही लिहीत, सर.'

तिच्या कवितांत काय होते हे मला आठवत नव्हते. माझ्या दुरुस्त्या मात्र आठवत होत्या. ही गोष्ट मला फार उशिरा टोचली.

उशिरा का होईना टोचली, याचे कारण हाच लाल पेन माझ्या वहीवरही फिरलेला होता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील सालगडी होते. माय निंदायला जायची. शाळेत असताना मी गाणी लिहीत असे आणि चौदा एप्रिलला वस्तीत म्हणत असे. तेथे मला कधी भीती वाटली नाही. समोर माय बसलेली, शेजारच्या काकू बसलेल्या, लहान पोरे पंचशील ध्वजाखाली लोळत असलेली. चुकलो तर कोणी तरी खालून पुढचा शब्द सांगायचे. भीती पहिल्यांदा आली ती एम. ए. झाल्यानंतर. जिल्ह्याच्या ठिकाणी लेखक-कवींचा एक मेळावा होता. मी चार कविता स्वच्छ अक्षरात उतरवून, घडी करून खिशात घातल्या आणि गेलो. सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. दोनदा नाव द्यायला उठलो आणि दोनदा पाणी पिऊन परत आलो. शेवटच्या गाडीने घरी आलो तेव्हा कागद घामाने मऊ झाला होता.

मला त्या दिवशी नेमके कशाचे भय वाटत होते? लोकांचे नव्हते. लोकांपुढे मी लहानपणापासून उभा राहिलो होतो. कवितेतल्या दुःखाचेही नव्हते. मला भय वाटत होते ते वाचताना माझा 'ळ' घसरून 'य' होईल याचे, 'ण' चा 'न' होईल याचे. ही कविता नसून बातमी आहे, असे कोणी म्हणेल याचे. आणि त्याहून अधिक याचे की कोणी काहीच म्हणणार नाही, नुसती मान हलवतील आणि पुढच्याचे नाव पुकारतील.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या समाजाने सत्यशोधक जलसे पाहिले, आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, भीमराव कर्डकांच्या जलशासाठी रात्र रात्र जागवली, त्या समाजाला लोकांपुढे शब्द उच्चारण्याचे भय असण्याचे कारण नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर हजारोंसमोर गात राहिले. त्यांच्या गाण्याला माईक नसला तरी चालत असे. म्हणजे मौन हा आपला मूळ स्वभाव नाही. भय उत्पन्न होते ते 'श्रोता' जाऊन 'साहित्यिक' समोर आला म्हणजे. श्रोता आपला असतो. साहित्यिक हा मात्र आपल्या मनात परीक्षक म्हणून बसलेला असतो. हे परीक्षकाचे आसन कोणी तयार केले? ज्या शाळेने आपल्याला लिहायला शिकवले, त्याच शाळेने आपली बोली अशुद्ध ठरवली. अक्षर आणि न्यूनगंड आपल्याला एकाच पाटीवर मिळाले आहेत.

पण सगळ्याच शाळा तशा नव्हत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. ज्या काळात अस्पृश्याच्या मुलीने अक्षर गिरवणे हाच अधर्म मानला जात होता, त्या काळात एक शाळकरी पोर धर्माला जाब विचारते, आणि तेही छापील कागदावर. तिच्या धैर्याचे आपण योग्य कौतुक करतो. पण त्या धैर्याच्या पाठीशी एक वर्ग होता, शिकवणारी माणसे होती, ही पोर काही म्हणू पाहते आहे तर ते ऐकले पाहिजे असे मानणारे कान होते. सावित्रीबाईंनी स्वतःचा 'काव्यफुले' हा संग्रह आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये प्रसिद्ध केला होता. स्वतःचे लिहिलेले जगापुढे ठेवणारी बाई ज्या शाळेत शिकवते, तेथे मुक्ताला लिहावेसे वाटते. धैर्य हे एकट्या लिहिणाऱ्याच्या छातीत नसते. त्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याने आणायचा असतो. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे.

आता नकाराकडे वळू.

१८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावले. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या ग्रंथांशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच हा नकार उभा आहे. त्यानंतर एकशे पस्तीस वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, कवी यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला. व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती आणि आपल्या जीवनमूल्यांशी ते विसंगत आहे, ही त्यांची भूमिका होती. 'उत्थानगुंफा' (१९७७) लिहिणाऱ्या कवीला साजेसाच तो निर्णय होता.

हा नकार आपला वारसा आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात कोणताही संदेह नाही. संदेह आहे तो माझ्यासारख्यांनी या वारशाचा जो वापर केला त्याविषयी. मेळाव्यातून परत आल्यावर मित्रांनी विचारले, 'वाचली नाही का कविता?' मी छाती पुढे काढून सांगितले, 'त्यांच्या मंचावर आपण का वाचायची?' मित्रांनी मान डोलावली. मी खोटे बोललो होतो. मी नाकारले नव्हते, मी घाबरलो होतो. जोतीरावांनी नकार दिला तेव्हा त्यांच्यामागे 'गुलामगिरी' (१८७३) होती, 'शेतकऱ्याचा असूड' होता. ते सगळे त्यांनी जगापुढे मांडलेले होते. ज्याने आपले म्हणणे उघड्यावर ठेवले आहे, त्याच्याच नकाराला वजन असते. ज्याची वही बंद आहे त्याचा नकार हा पुष्कळदा भीतीने पांघरलेली शाल असतो.

आणि यातून एक अधिक वाईट गोष्ट होते. 'त्यांना' दाखवायचे नाही, या निर्धाराच्या आडून आपण 'आपल्यांना' ही दाखवत नाही.

आपल्यांना दाखवणे सोपे असते काय? फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९-२०१२) यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्या नवऱ्याबरोबर छोटे दुकान चालवत. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत गेल्या आणि लिहिलेले लपवत गेल्या. सुमारे वीस वर्षे घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली ही बाई, सभांना गेलेली, मुलांच्या शिक्षणासाठी झटलेली. तरी आपल्या लिखाणाचे कागद घरच्या माणसांच्या नजरेस पडू नयेत याची तिला काळजी घ्यावी लागली. पुढे फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषीला या लिखाणाविषयी कळले आणि त्यांनी ते बाहेर काढण्याचा आग्रह धरला. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. आज दलित स्त्रीच्या आत्मकथनाविषयी बोलताना ते वगळून बोलता येत नाही.

वीस वर्षे! या वीस वर्षांचा हिशेब कोणी मागायचा आणि कोणाकडे? प्रस्थापित समीक्षेकडे तर मागायचाच. पण त्या काळात दलित साहित्याची चळवळ जन्माला येऊन वयात आली होती. १९५८ मध्ये मुंबईला पहिले दलित साहित्य संमेलन झाले होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आले, 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, १९७८ मध्ये 'बलुतं' आले. एवढे सगळे होत असताना फलटणच्या एका दुकानात एक बाई कागद लपवत होती. बाहेरच्या भिंतीवर आपण सुरुंग लावत होतो, पण घरातली भिंत तशीच होती. वहीतल्या मजकुराची भीती नवऱ्याची असेल, भावाची असेल किंवा चळवळीतल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्याची असेल; ती भीती जातिव्यवस्थेइतकीच कवितेला मारते. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीवर लाल पेन फिरवणारा मी कोणी सनातनी नव्हतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावून मी तिच्या कविता तपासत होतो.

तर मग ऐकणाऱ्याने कसे ऐकावे? 'गोलपिठा' ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर तोपर्यंत मान्यता पावलेले नाटककार होते आणि नामदेव ढसाळ हा मुंबईत टॅक्सी चालवणारा तरुण होता. त्या प्रस्तावनेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, या कवितांतले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे तेंडुलकरांनी उघड कबूल केले. ते शब्द त्यांनी अशुद्ध म्हणून खोडले नाहीत. त्यांचे अर्थ विचारले. ज्याच्या हाती परीक्षकाचे आसन होते तो माणूस तेथून उठून विद्यार्थ्याच्या जागी बसला. मी माझ्या विद्यार्थिनीला 'येचून' हा शब्द तू असाच का ठेवलास, असे विचारले असते तर? तिने काही उत्तर दिले असते. त्या उत्तरात कदाचित तिची सगळी काव्यदृष्टी असती. मी प्रश्नच विचारला नाही, कारण तो शब्द मला येत होता. तो माझ्याही घरचा शब्द होता. तो मला येतो हे कोणाला कळू नये, म्हणून मी तो खोडला.

लाल पेनाचे हे झाले. त्याच्या उलट टोकालाही एक दोष आहे आणि तो आज आपल्या मेळाव्यांत अधिक दिसतो. तो म्हणजे सरसकट वाहवा. आपल्या कविसंमेलनांचे चित्र पाहा. हारतुरे, सत्कार, सूत्रसंचालकाची शेरोशायरी. कवी येतो, घोषणा असलेली कविता म्हणतो, टाळ्या घेतो आणि चहाला बाहेर जातो तो परत येत नाही. दुसऱ्याची कविता त्याने ऐकलेली नसते. त्याची कविता कोणी ऐकली की नाही हेही त्याला ठाऊक नसते. टाळी कवितेला पडली की तिच्यातल्या नावाला, हे कोणी तपासत नाही. प्रस्थापित समीक्षक हेच निराळ्या रीतीने करतो. तो म्हणतो, 'अनुभव थरारक आहे.' म्हणजे कवितेविषयी त्याला काही म्हणायचे नाही. 'अनुभव प्रभावी' हा माझा शेरा त्याच जातीचा होता. दुःखाला प्रमाणपत्र दिले की कविता वाचण्याची जबाबदारी संपते. ही दया आहे, आणि दया ही आपल्याला कधीच नको होती.

दलित कवीला टीका सोसवणार नाही असे मानणे हाही अपमानच आहे. या बाबतीत आपला आदर्श बाबासाहेबांपेक्षा दुसरा कोण असणार? १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर मंडळाने आधी पाहिला आणि त्यातला काही भाग गाळावा असे सुचवले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतः छापले. हा झाला नकार. पण गोष्ट येथे संपत नाही. गांधीजींनी त्या भाषणावर 'हरिजन' मधून टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी ती टीका आपल्या पुस्तकात छापली आणि तिच्याशेजारी आपले उत्तर दिले. आपल्यावरची टीका आपल्याच पुस्तकात! ज्याला आपल्या शब्दाची खात्री आहे तोच हे करू शकतो. मुस्कटदाबी आणि टीका यांतला फरक बाबासाहेबांनी या एका ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत शिकवून ठेवला आहे. मुस्कटदाबीला स्वल्पविरामही द्यायचा नाही, आणि टीकेला पुस्तकात जागा द्यायची. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. संयोजकाने सांगितले की ओळ गाळतो, आणि मित्राने दोष दाखवला की मैत्री तोडतो.

त्याच भाषणात लोकशाहीची व्याख्या करताना ती केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची आणि अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचवण्याची रीत आहे, असे त्यांनी मांडले. बंधुता हे त्याच गोष्टीचे दुसरे नाव. मी हा विचार कवितेला लावून पाहतो. अनुभव माझ्याजवळ आहे, एवढ्याने बंधुता होत नाही. तो दुसऱ्यापर्यंत गेला पाहिजे आणि दुसऱ्याचा माझ्यापर्यंत आला पाहिजे. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रात स्वातंत्र्य आणि समता यांची पुष्कळ चर्चा झाली आहे. बंधुतेची चर्चा मात्र कमी झाली. दुसऱ्याची कच्ची कविता कशी ऐकावी, हा बंधुतेचाच प्रश्न आहे. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' च्या मेळाव्यांना 'लेखक-वाचक मेळावा' असे नाव दिले, ते मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. नुसता लेखकांचा मेळावा नाही. लिहिणारा आणि वाचणारा एका जाजमावर.

आमच्या जिल्ह्यातला एक प्रसंग या ओघात आठवतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. महाराष्ट्रभर निषेध झाला, अनेक लेखकांनी जाणे रद्द केले. मीही गेलो नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. शेवटी उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केलेली शेतकरी स्त्री, 'तेरवं' या नाटकातून शेतकरी विधवांचे जगणे रंगमंचावर मांडणारी. आयोजकांनी आपली अडचण सोडवण्यासाठी त्यांना पुढे केले असा आक्षेप घेता येईल. पण तो आयोजकांवरचा आक्षेप झाला. ज्या बाईच्या नावावर एकही पुस्तक नव्हते, ती अध्यक्षा अरुणा ढेरे यांच्यासह साहित्यिकांच्या समोर उभी राहिली आणि आपल्या भाषेत बोलली. मी घरी बसून विचार करत होतो : माझ्याजवळ एम. ए. ची पदवी होती, चार स्वच्छ उतरवलेल्या कविता होत्या. मला त्याच शहरात मागच्या रांगेतून उठता आले नव्हते. नाटकाच्या तालमीत तिच्यासारख्याच बायका तिच्या भोवती होत्या. तिचे बोलणे आधी त्यांनी ऐकलेले होते. मोठ्या मंचावर उभे राहण्याचे बळ अशा लहान वर्तुळातून येत असावे, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

त्यानंतर आम्ही चारपाच जणांनी महिन्यातून एका रविवारी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत बसायला सुरुवात केली. एक जिल्हा परिषदेचा शिक्षक, एक एस. टी. चा वाहक, एक आशा कार्यकर्ती, दोन विद्यार्थी आणि मी. मंच नाही, सत्कार नाही, पाहुणे नाहीत. सुरुवातीला तेच झाले जे सगळीकडे होते : वा वा, आणि चहा. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. जो वाचेल त्याने शेवटपर्यंत बसून ऐकायचे. बोलणाऱ्याने आधी आपल्याला काय ऐकू आले ते सांगायचे, आवडले की नाही ते नंतर. न कळलेला शब्द विचारायचा, खोडायचा नाही. कवीच्या आयुष्यावर शेरा मारायचा नाही, ओळीविषयी बोलायचे. आणि सर्वांत जास्त शिकलेल्याने सर्वांत आधी आपली वही उघडायची. शेवटचा नियम वाहकाने सुचवला. त्याचा रोख माझ्याकडे होता हे मला समजले.

चौथ्या की पाचव्या बैठकीला माझी ती विद्यार्थिनी मैत्रिणीबरोबर आली. काही न बोलता भिंतीला टेकून बसली. मी मायवर लिहिलेली कविता वाचली. तिच्यात 'अश्रू' असा शब्द होता. सगळे गप्प राहिले. मग ती म्हणाली, 'सर, घरी तुमी अश्रू म्हनता काय?' मी नाही म्हटले. 'मंग इथं काहून?' मला उत्तर देता आले नाही. पेन्सिलीने मी तो शब्द खोडला, आणि त्याच्या जागी काय यावे हे मला अजून सापडलेले नाही.

पुढच्या बैठकीला तिने तीच जुनी वही आणली. पानांवर माझी लाल शाई तशीच होती. ती वाचत होती तेव्हा मी शेजारी बसून पानाकडे पाहत होतो. माझ्या दुरुस्तीशी आली की ती क्षणभर थांबे आणि खालचा आपला शब्द वाचे. एकाही ठिकाणी तिने माझा शब्द उच्चारला नाही. वाचून झाल्यावर वाहक म्हणाला, शेवटच्या चार ओळी घोषणेच्या आहेत, त्या कोणाच्याही कवितेला लावता येतील. मला वाटले ती वही मिटेल. तिने वाद घातला. दोन ओळी काढायला ती तयार झाली, दोन ठेवल्या, आणि त्या का ठेवायच्या हे तिने नीट सांगितले. त्या दोन ओळींच्या बाबतीत तिचेच बरोबर होते, असे आता मला वाटते.

मित्रहो, आपण विद्यापीठांत दलित साहित्य अभ्यासक्रमाला लावले, संमेलनाची अध्यक्षपदे मिळवली, पुरस्कार घेतले आणि नाकारले. १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले, २००५ मध्ये नाशिकला केशव मेश्राम झाले. ही वाट लहान नव्हती. पण दारव्हा, घाटंजी, उमरखेड, झरी येथे कोणा पोराच्या, कोणा पोरीच्या पिशवीत आज एक वही आहे. ती मुले आपली पुस्तके वाचतात, आपली भाषणे ऐकतात, आणि आपल्यालाच घाबरतात. त्यांच्या मनातल्या परीक्षकाच्या आसनावर आता आपण बसलो आहोत. हे आपल्या चळवळीचे यश आहे काय?

तिमाही निघाले पाहिजे, संमेलने झाली पाहिजेत. त्याबरोबर प्रत्येक तालुक्याला एक अशी खोली पाहिजे, जेथे कविता अपुरी असतानाच वाचता येईल. ज्यांनी शिकून नोकऱ्या मिळवल्या त्यांनी, आणि विशेषतः माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरांनी, तेथे आधी स्वतःची वही उघडावी, आणि लाल पेन घरी ठेवून यावे.